सायमन नंतर, ट्यूरिंग आधी

विवेकी निवडीला संगणनाच्या मर्यादा कुठे आडव्या येतात, हे शिकायचं तर अर्थतज्ज्ञ हर्बर्ट सायमन सगळेच आधी वाचतात आणि 'माणसाचं डोकं अपुरं पडतं' इथेच त्यांची गाडी अडते. तुम्ही आधी गणितज्ञ ॲलन ट्यूरिंगचा 1936 चा निकाल पचवा: कुठलाही प्रोग्राम थांबेल की नाही, हे दरवेळी अचूक सांगणारा प्रोग्राम असूच शकत नाही.

मग संगणकशास्त्रज्ञ मायकेल रेबिनचा 1957 चा खेळ वही घेऊन मांडा. पहिला खेळाडू 'क' ही नैसर्गिक संख्या सांगतो, दुसरा 'ख', पुन्हा पहिला 'ग'. ठरलेल्या प्रोग्रामला 'ग' द्यायचा. उत्तर क + ख आलं तर पहिला जिंकला, नाहीतर दुसरा. निकाल संगणक लावतो, त्यात काही अडचण नाही. पण रेबिनने प्रोग्राम असा निवडला, की दुसऱ्याकडे हमखास जिंकायची खेळी दरवेळी असते आणि ती दरवेळी शोधून देणारा प्रोग्राम मात्र अस्तित्वातच नाही. आता 'विवेकी' खेळाडूने करायचं काय? इथे खुशाल रेंगाळा.

एक घोळ तेवढा टाळा. तीस वस्तूंतून हव्या तेवढ्या निवडायच्या तर सुमारे 107 कोटी संच होतात. ते अवघड, अशक्य नव्हे. दोघांच्या मर्यादित खेळातला नॅश समतोल, म्हणजे एकट्याने चाल बदलून कुणाचाच फायदा होत नाही अशी स्थिती, शोधणंही त्याच अवघड जातीचं. 'अवघड' आणि 'अशक्य' हे दोन्ही एकच समजून एका वाक्यात कोंबलेलं दिसलं की मी तरी पुढे वाचत नाही.