छापील दरपत्रकं पोस्टाने पाठवणाऱ्या मेलिंग एजन्सीबरोबर काम सुरळीत कसं होईल?

तुम्ही लिहिलंय की देवगडला बाग आहे, हंगामाआधी जुन्या गिऱ्हाइकांना दरपत्रक पोस्टाने जातं, पुण्याची एजन्सी छपाईपासून पाकिटं टपालात टाकण्यापर्यंत सगळं करते, तरी दरवर्षी वाजतंच. एजन्सी बदलू का?

इतक्यात नको. मी गुहागरहून आंबा-काजूसाठी हेच काम करून घेतो. बहुतेक भांडणांचं मूळ एजन्सीकडे नसतं, आपल्या पत्त्यांच्या एक्सेल यादीत असतं.

आपली गिऱ्हाइकं म्हणजे मुंबईचे चाकरमानी. गिरगाव-लालबागच्या चाळी पाडल्या गेल्या, माणसं डोंबिवली-विरारला गेली. कोणीतरी नवा पत्ता लिहून घेतला, पिन मात्र जुनाच राहिला: घर डोंबिवली पूर्वेला आणि पिन ४००००४, म्हणजे गिरगावचा. टपालाची छाटणी पिनवर होते. ते पाकीट गिरगावात भटकणार आणि तुम्ही पुण्यातल्या माणसाला फोनवर झापणार. मुंबई ४०० ने सुरू होते, पुणे शहर ४११ ने, कल्याण-डोंबिवली ४२१ ने. पिनच्या रकान्याला फिल्टर लावून गावाच्या नावाशी ताडून बघा, बराच कचरा तिथेच निघतो. आणि सॉर्ट करताना सगळे रकाने निवडा. नुसती नावं सॉर्ट झाली तर सावंतांचं पाकीट परबांच्या दारात.

पत्ते मराठीत असतील तर आणखी एक घोळ. तुमची फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या मराठीत, आणि छपाईची पानं लावणारा डीटीपीवाला जुन्या फॉन्टवर काम करणारा. रूपांतर करताना वेलांट्या पळतात, ‘शिर्के’ आणि ‘कुर्ला’ यांचा रफार भलत्याच अक्षरावर बसतो. म्हणून प्रूफ नुसत्या दरपत्रकाचं मागू नका. छापलेल्या लेबलांचं एक पान मागवा, त्यात जोडाक्षरांची नावं मुद्दाम घालायला सांगा.

वजनाचंही आधीच ठरवा. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. १३० जीएसएम (चौरस मीटरला १३० ग्रॅम) चकचकीत आर्ट पेपरचं ए-फोर पान साधारण ८ ग्रॅम भरतं. दरपत्रक आणि ऑर्डर फॉर्म दोन्ही त्याच कागदावर छापले की १६, वर पाकिटाचे चार-पाच, झालात २० पार. मग प्रत्येक पाकिटाला पुढच्या टप्प्याचं टपाल. ऑर्डर फॉर्म साध्या ८० जीएसएमवर घ्या, तो पाच ग्रॅममध्ये बसतो, आणि त्यावर शाईही पसरत नाही. त्याच कागदांची कोरी पानं पाकिटात भरून, चिकटवून काट्यावर ठेवल्याशिवाय छपाईला होकार देऊ नका. चकचकीत कागदाचा मोह आपल्याकडे सगळ्यांनाच आहे, पण गिऱ्हाईक पेटीचा भाव बघतं.

यादीत दोन-चार पत्ते आपल्याच माणसांचे घाला: बोरिवलीची बहीण, कोथरूडचा मित्र. पाकीट कधी आलं, आत दोन्ही कागद होते का, हे त्यांच्याकडून कळतं. एजन्सीला तसं सांगूनही ठेवा. चोरून तपासण्यात काही मजा नाही.

तारखेचं म्हणाल तर उलटं मोजा. पाडव्याच्या आधी पत्रक घरी पडायला हवं असेल, तर मार्चअखेरच्या गर्दीत प्रेसवाल्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. जानेवारीत मोहोर बघून अंदाज येतो, मजकूर तेव्हाच पक्का करा, भावाची चौकट तेवढी शेवटी भरा. आणि तुमच्याकडून बोलणारा एकच माणूस ठेवा. बागेतून वडील एक सांगतात, मुंबईहून भाऊ दुसरं, मग एजन्सीने ऐकायचं कोणाचं? फोनवर जे ठरेल ते त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून टाका.

‘न मिळाल्यास परत’ खाली पत्ता तुमचाच छापा, एजन्सीचा नको. परत आलेली पाकिटं म्हणजे पुढच्या वर्षीच्या यादीची फुकट दुरुस्ती, ती पुण्याच्या गोडाऊनमध्ये पडून काय उपयोग?

पैशांचं: टपालखर्च आगाऊ द्या, तो एजन्सीवाल्याने खिशातून घालावा अशी अपेक्षा धरू नका. छपाई आणि पाकिटं भरायच्या मजुरीचा शेवटचा हप्ता मात्र पोस्टाची पावती हातात आल्यावर. पावतीवरचा आकडा आणि यादीतल्या ओळी जुळल्या पाहिजेत. वगळलेले पत्ते कोणते, तेही लेखी मागा.