गाडी ठोकली गेली, आता पुढे काय?

तुम्ही लिहिलंय की सिग्नलला उभ्या असलेल्या तुमच्या गाडीला मागून धडक बसली, हातपाय थरथरायला लागले आणि काय करावं तेच सुचेना. पुन्हा अशी वेळ आली तर आधी काय, नंतर काय, असा तुमचा प्रश्न आहे. मी विम्याच्या क्लेमसाठी ठोकलेल्या गाड्यांचा सर्व्हे करतो. धडक बसायची ती बसते, पण त्यानंतरच्या अर्ध्या तासात लोक स्वतःचं आणखी किती नुकसान करून घेतात, हे मी सतत बघतो.

इंजिन बंद करा, चारही इंडिकेटर लावा आणि दार उघडण्याआधी आरशात बघा. उतरल्यावर दोन गाड्यांच्या मधे उभं राहून बंपर न्याहाळत बसू नका. मागून तिसरी गाडी आली तर मधल्या माणसाचा चेंदामेंदा होतो. वेगाचा रस्ता असेल तर सगळ्यांना कठड्यापलीकडे न्या. तिथेही आपल्या गाडीच्या पुढे थांबू नका, मागच्या बाजूला अंतर ठेवून थांबा. कुणी गाडीला पुन्हा धडकलं तर ती पुढेच ढकलली जाते.

कुणाला लागलं असेल तर आधी अँब्युलन्स, बाकी सगळं नंतर. आग किंवा धुराचा धोका नसेल तर आत अडकलेल्याला ओढून काढू नका. मानेच्या मणक्याला इजा असेल तर त्या ओढाताणीत ती वाढते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि थांबलं का, म्हणून सारखं उचलून बघू नका. पाणी पाजायला कुणीतरी बाटली घेऊन धावतंच. त्याला थांबवा. गुंगीतल्या माणसाच्या श्वासनलिकेत पाणी जाऊ शकतं, शिवाय तातडीचं ऑपरेशन करावं लागलं तर पोट रिकामं असलेलं बरं.

स्वतःबद्दल ‘मला काही झालेलं नाही’ हे तर लगेच म्हणूच नका. त्या वेळी अंगात अ‍ॅड्रेनलिन इतकं भिनलेलं असतं की दुखणं जाणवत नाही. मागून धडक बसली की मानेला हिसका बसतो आणि मान दुसऱ्या दिवशी आखडते. डोक्याला मार लागल्यावर उलट्या, वाढती डोकेदुखी, पेंग किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर तडक हॉस्पिटल गाठा.

रस्ता सुरक्षित असेल तर गाड्या हलवायच्या आधी फोटो काढा. लोक फक्त चेपलेल्या पत्र्याचे काढतात. तो पत्रा मला नंतरही दिसतोच! मला हवा असतो लांबून काढलेला फोटो, ज्यात दोन्ही गाड्या, रस्त्याच्या पट्ट्या, सिग्नल, ब्रेकच्या खुणा आणि सांडलेल्या काचा एकत्र दिसतील. डॅशकॅम असेल तर त्यातलं कार्ड काढून खिशात टाका, नाहीतर नवं रेकॉर्डिंग जुन्यावर चढत जातं. समोरच्याचं नाव, फोन, गाडीचा नंबर, विमा कंपनी आणि बघणाऱ्या एखाद्याचा नंबर घ्या. वाद घालू नका, आणि भिडेपोटी ‘चूक माझीच’ असंही म्हणू नका. काय घडलं तेवढंच पोलिसांना आणि कंपनीला सांगा, तेही त्याच दिवशी.

‘जाऊ द्या, इथेच पैसे घ्या आणि मिटवा’ असं कुणी म्हटलं तर जरा थांबा. हल्लीचे बंपर प्लास्टिकचे, दबून परत जागेवर येतात. वरून एक ओरखडा दिसतो आणि काढल्यावर आतली लोखंडी पट्टी वाकलेली, सेन्सरचे ब्रॅकेट तुटलेले निघतात. न उघडता ठरवलेली रक्कम बहुधा कमीच पडते.

आणि कृपा करून ‘चालू होते का बघू’ म्हणून गाडीला स्टार्टर मारू नका. एक गाडी दुभाजकावर चढून खालचा ऑइलचा चेंबर फुटला होता. रस्त्यावर काळा ओघळ दिसत होता, तरी मालकाने ती गॅरेजपर्यंत चालवत नेली. ऑइल नसलेलं इंजिन वाटेतच जाम झालं. चेंबरचा खर्च क्लेममध्ये बसला, इंजिनचा बसला नाही, कारण ते धडकेने नाही, नंतर चालवल्याने गेलं होतं. रेडिएटर फुटला असेल तरी हेच होतं. खाली काही गळतंय का ते वाकून बघा आणि शंका आली तर टोइंग बोलवा. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी दुखावली असेल तर ती काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पेटू शकते, म्हणून ती घराला किंवा दुसऱ्या गाडीला चिकटून लावू नका.

दुरुस्तीला टाकाल तेव्हा सर्व्हे होईपर्यंत काही खोलू देऊ नका. सीटबेल्ट तपासायला मात्र आवर्जून सांगा, कारण धडकेत पट्टा खेचून धरणारी यंत्रणा एकदाच चालते. लहान मुलाची सीट जोराच्या धडकेत सापडली असेल तर वरून धडधाकट दिसली तरी बदला.