‘प्रकाश नाही, बाबा’

पत्र थोडक्यात असं: ‘आम्ही नागपूरचे. मुलगा बारावी सायन्सला आहे. दहावीला ८४ टक्के होते, अकरावीत घसरला. त्याला वाइल्डलाइफ फोटोग्राफर करायचं मी ठरवलं आहे, तेही फ्लॅश न वापरता, पूर्ण नैसर्गिक प्रकाशात काम करणारा. जीपीएफमधून अॅडव्हान्स काढून सेकंडहँड सहाशे मिलिमीटरची लेन्स घेतली. तीन वर्षांत ताडोबा आणि पेंच मिळून ४१ सफारी झाल्या. लंडनच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत १५ ते १७ असा वयोगट आहे आणि हा डिसेंबरात अठरा पूर्ण करतो, म्हणजे वेळ कमी आहे. पण पोरगा हल्ली जिप्सीत झोपतो. मे महिन्यात दुपारी साडेतीनला वाघीण समोर पाणवठ्यात बसली होती, लख्ख ऊन होतं आणि हा म्हणतो, “प्रकाश नाही, बाबा.” कॅमेरा उचललाच नाही. गेल्या जूनमध्ये स्वर्गीय नर्तक पक्ष्याच्या घरट्यावर ऊन यावं म्हणून मी फांद्या सुतळीने बाजूला बांधून दिल्या. त्या फोटोला इथल्या एका स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालं, तर ते घ्यायलाही हा गेला नाही. मार्चमध्ये कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड भरलं म्हणून त्यातले जनावर नसलेले फोटो मी उडवले. तेव्हापासून नीट बोलत नाही. बारावीनंतर कॉलेजच्या भानगडीत न पडता सरळ यात घालायचा विचार आहे. कोणता कोर्स, कोणत्या स्पर्धा, ते सांगावं.’

भाऊ,

कॅमेऱ्याबद्दल पालकांची जी पत्रं मला येतात ती एकाच साच्यातली असतात. पोराच्या डोक्यातून हे खूळ काढा, निदान इंजिनिअरिंग होईपर्यंत तरी. तुमचं पत्र उलट्या बाजूने आलं, म्हणून सुरुवातीला बरं वाटलं. मग ‘करायचं मी ठरवलं आहे’ इथे अडखळलो. पेन्सिल घेऊन पत्र पुन्हा वाचलं आणि मुलाला काय हवंय हे जिथे लिहिलं असेल तिथे रेघ मारायची ठरवली. पत्र संपलं, पेन्सिल कोरीच राहिली. चार पानांत त्याचं स्वतःचं म्हणून एकच वाक्य आहे, आणि तेही तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय: ‘प्रकाश नाही, बाबा.’

त्या वाक्यात तो बरोबर होता.

ऊन भरपूर म्हणजे प्रकाश भरपूर, ही समजूत बहुतेकांची असते. माझीही होती. रोलचा कॅमेरा होता तेव्हा भर दुपारी काढलेले छत्तीसच्या छत्तीस फोटो मी पैसे देऊन धुऊन घेतले आहेत आणि बघून गादीखाली सरकवले आहेत. मे महिन्यातल्या साडेतीनचं ऊन आठवा. सूर्य अजून चांगलाच वर असतो. वाघाच्या कपाळाचा उंचवटा डोळ्यांवर सावली धरतो, मग डोळ्यांच्या जागी दोन काळी भोकं. पाठीवरचे केस उजळून पांढरेफटक पडतात आणि पट्ट्यांमधला पिवळा रंग उडून जातो. पाण्यावर आभाळाची चमक असते ती वेगळीच. शिवाय तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरत वर चढते. सहाशेची लेन्स जशी वाघ जवळ आणते, तशी मधल्या शंभर-दीडशे फुटांतली ती थरथरही जवळ आणते. लेन्स कितीही महाग असो, फोटो पाण्याखालून काढल्यासारखा येतो. तेच ऊन सकाळी तिरपं येतं तेव्हा हवेच्या जाड थरातून येतं, त्यातला निळा वाटेत विखरून जातो आणि उरतो तो ऊबदार रंग. एका बाजूने आल्यामुळे केस न् केस सुटा दिसतो. आणि पावसाळी आभाळ असलं की अख्खं आभाळच दिव्यासारखं होतं, सावल्या मऊ पडतात, ओल्या पानांचा हिरवा तेव्हाच खरा दिसतो. स्टुडिओत दिवा हलवता येतो. जंगलात दिवा हलत नाही, आपण हलायचं असतं. जिप्सीत तेही जमत नाही, कारण उतरायचं नाही, रस्ता सोडायचा नाही आणि गेटची वेळ पाळायची. मग माणसाच्या हातात दोनच गोष्टी उरतात. एक, थांबणं. दुसरी, समोर वाघ असताना ‘नाही’ म्हणणं. सतराव्या वर्षी दुसरी गोष्ट जमणारी मुलं मी फार पाहिलेली नाहीत, मोठी माणसं तर त्याहून कमी.

तुम्हाला ते आळस वाटलं. कदाचित थोडा आळसही असेल. पहाटे अडीचला उठवून नागपूरहून ताडोबाच्या मोहर्ली गेटला नेलेलं पोर दुपारच्या फेरीत पेंगणारच. ४१ सफारी म्हणजे त्याच्या किती सुट्ट्या, ते एकदा मोजा. मंगळवारी ताडोबा बंद, पावसाळ्यात जंगलाचा कोअर म्हणजे गाभा बंद. तेवढीच काय ती त्याला विश्रांती मिळत असावी.

आता कार्ड. पत्रात तुम्ही हा विषय दीड ओळीत संपवलाय. मला मात्र तिथून पुढे सरकायला वेळ लागला.

‘जनावर नसलेले’ म्हणजे नेमके कोणते, हेही तुम्ही पुढे कंसात दिलंय: कोळ्याची जाळी, धुकं, गवत, ‘कसली तरी लाल पानं’. भाऊ, मार्चमध्ये आपल्याकडच्या जंगलात लाल पानं कसली असतात? कुसुमाची पालवी असते ती. थोडेच दिवस असा रंग असतो की झाड पेटल्यासारखं दिसतं, मग ती हिरवी होते. सूर्य पानाच्या मागे असेल तर शिरांसकट पान आतून उजळतं. तो फोटो काढायचा तर ऊन समोरून डोळ्यात घ्यावं लागतं, आणि प्रत्येक पुस्तक तर सांगतं की सूर्य पाठीशी ठेवा. म्हणजे तुमचा मुलगा तुम्ही शिकवलेलं मोडून काहीतरी स्वतःचं करून बघत होता. दवाने भरलेलं जाळंही असंच असतं. सूर्य वर येऊन दव सुकेपर्यंत ते दिसतं, नंतर नाही. नैसर्गिक प्रकाशातली फोटोग्राफी म्हणून तुम्ही ज्याचं नाव पत्रात पाच वेळा घेतलंत, ती तुमच्या घरात त्या कार्डावर होती. ती तुम्ही डिलीट केलीत आणि वाघांचे पाठमोरे फोटो ठेवलेत.

तुम्ही पत्रात पनवेलच्या ऐश्वर्या श्रीधरचं उदाहरण दिलंत, ‘तिला लंडनला मान मिळाला, मग माझ्या मुलाला का नाही’ म्हणून. २०२० साली तिच्या ज्या फोटोची त्या स्पर्धेत दखल घेतली गेली, तो बघितलात का? भंडारदऱ्याजवळचं काजव्यांनी लखलखलेलं झाड आहे आणि वर चांदण्या. वाघ नाही, ऊन तर नाहीच. त्या फोटोला सहाशेची लेन्सही लागत नाही. तुम्ही कार्ड रिकामं करत होतात तेव्हा हा फोटो समोर आला असता, तर तोही ‘जनावर नाही’ म्हणून गेला असता.

घरट्याचं बोलतो, आणि इथे जरा कडक बोलतो. स्वर्गीय नर्तक सावलीत घरटं बांधतो याला कारण आहे. वाटीएवढं ते घरटं, त्यात उघडी पिल्लं. जूनमध्ये पाऊस लांबला तर नागपूरचं ऊन काय असतं हे मी तुम्हाला सांगायला नको. फांद्या बाजूला बांधल्या म्हणजे पिल्लांवर ऊन आलं आणि वरून कावळ्याला, शिक्र्याला घरटं उघडं पडलं. तुम्ही ‘नैसर्गिक प्रकाश’ म्हणता तो तुम्ही सुतळीने ओढून आणला होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्यांच्या घरट्यांना त्रास देणंही येतं. तुमचा हेतू तसा नव्हता हे मला कळतं. पण मुलगा बक्षीस घ्यायला का गेला नाही, हे तुम्हाला अजून कळलेलं नाही असं पत्रावरून दिसतं. तुम्ही मला पक्ष्याचं नाव कळवलंत, बक्षीस कितवं ते कळवलंत, बक्षिसाची रक्कम कळवलीत. पिल्लं उडाली का, ते लिहिलं नाहीत. त्याने नंतर जाऊन पाहिलं असेल. विचारा त्याला.

ज्या लंडनच्या स्पर्धेसाठी तुमची धावपळ चाललीय, तिथे २००९ चं सर्वोच्च पारितोषिक कुंपणावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या फोटोला मिळालं होतं. तो लांडगा पाळीव, शिकवलेला असावा असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला आणि पुढच्याच वर्षी बक्षीस परत घेतलं. तिथे सुतळीही दिसते. डिसेंबरात अठरा पूर्ण होतील आणि तो मोठ्यांच्या गटात जाईल. जाऊ द्या. तुमच्या मुलाचं वय हे कुठल्याही अर्जाची अंतिम मुदत नाही.

पोटापाण्याचं काय, हे तुम्ही विचारलंच नाहीत. सहसा पालक तेवढंच विचारतात. नुसते फोटो विकून घर चालवणारे वन्यजीव छायाचित्रकार आपल्या देशात हाताच्या बोटांवर मोजावेत. बाकीचे शिकवतात, लोकांना सफारीला घेऊन जातात, माहितीपटांवर काम करतात, लिहितात किंवा नोकरी सांभाळून हे करतात. चेन्नईचे एम. कृष्णन घ्या. हत्तींचे त्यांचे कृष्णधवल फोटो आजही अभ्यासक बघतात. कॅमेरा कुठला? वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचे भाग जोडून त्यांनी स्वतःच जुळवलेला. पण त्यांचा जम बसला तो लेखणीवर. कोलकात्याच्या ‘स्टेट्समन’मध्ये १९५० पासून १९९६ साली निधन होईपर्यंत ते निसर्गावर सदर लिहीत होते. शिकले होते वनस्पतिशास्त्र, शिवाय कायदा. झाडाचं नाव माहीत असलेला माणूस त्या झाडाखाली कधी थांबायचं हेही जाणतो, एवढं साधं आहे ते. म्हणून ‘कॉलेजच्या भानगडीत न पडता’ हे तुमचं वाक्य मी खोडलंय. कॉलेज होणार.

कोणतं, ते त्याच्याशी बोलल्यावर. तरी तुम्ही विचारलंत म्हणून यादी एका दमात सांगतो: बारावीनंतर एमएचटी-सीईटी देऊन अकोला किंवा दापोलीला बीएस्सी फॉरेस्ट्री, साधी बीएस्सी करून पुढे डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेची वन्यजीव विषयातली एमएस्सी, कॅमेऱ्याकडेच जायचं असेल तर पदवीनंतर गांधीनगरच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत फोटोग्राफी डिझाइन किंवा पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेत सिनेमॅटोग्राफी. याखेरीज त्याला सीए व्हायचं असेल, तर सीए. मी चेष्टा करत नाहीये. त्याला फोटोग्राफर व्हायचंय याचा पुरावा मला अजून मिळालेला नाही. त्याला बघता येतं, एवढंच सिद्ध झालंय, आणि बघता येणारा माणूस डॉक्टरही चांगला होतो.

मग लेन्सचं काय करायचं? विकू नका. ती तुम्ही वापरा.

पत्रभर मला जो माणूस दिसला तो असा: पहाटे अडीचला न सांगता उठणारा, वाघिणीच्या तीन पिढ्या नावानिशी सांगणारा, पाणवठ्यावर छातीत धडधड होणारा, नोकरीची सोळा वर्षं बाकी असताना जीपीएफला हात घालणारा. तो माणूस तुमच्या मुलासारखा मुळीच नाही. ते तुम्ही आहात. तुमच्या वडिलांनी तुम्हाला कॅमेरा घेऊन दिला नाही, हे तुम्ही शेवटच्या पानावर ‘असो’ म्हणून सोडून दिलंत. मला वाटतं पत्र तिथूनच सुरू व्हायला हवं होतं. वयाची अट लहानांच्या गटाला आहे, मोठ्यांच्या गटात पन्नाशीचा माणूसही फोटो पाठवू शकतो. जिप्सीत मागच्या सीटवरून ‘घे, घे, आता घे’ म्हणण्यापेक्षा स्वतः घ्या. हुकला तर रागावायलाही कोणी नसेल.

मुलाला बारावी होईपर्यंत सफारीला नेऊ नका. त्याने आपणहून विचारलं तर न्या. त्याच्याकडे जुना कॅमेरा आणि किटबरोबर आलेली लेन्स असेल, ती पुरे. अंबाझरी आहे, गोरेवाडा आहे. रविवारी सकाळी सायकलवर जाऊन त्याला वाटलं तर काढेल, नाही वाटलं तर तलावाकाठी बसून येईल. आल्यावर ‘काय मिळालं?’ विचारू नका. त्या प्रश्नाने सगळा सत्यानाश होतो.

आणि एक काम आजच्या आज. मार्चमध्ये ज्या कार्डावरचे फोटो उडवलेत ते कार्ड कुठे आहे ते शोधा. डिलीट केलेला फोटो लगेच पुसला जात नाही, त्याची जागा फक्त मोकळी म्हणून नोंदली जाते. त्यावर दुसरं काही लिहिलं गेलं की मगच तो जातो. तेव्हा ते कार्ड पुन्हा वापरलं नसेल, तर फोटो परत मिळायची चांगली आशा आहे. फॉरमॅट करू नका, कॅमेऱ्यात घालून बघायचा मोहही आवरा. सीताबर्डीत डेटा रिकव्हरी करून देणारी दुकानं सापडतील. जाताना मुलाला बरोबर घ्या, कारण स्क्रीनवर फोटो येऊ लागतील तेव्हा कोणते ठेवायचे हे दुकानदार विचारेल, आणि ते तुम्हाला सांगता येणार नाही.