१९७२ची एमजीबी आणि गळका रेडिएटर: पैसे कोठून काढावेत?

लेस्टर येथे राहणाऱ्या एका वाचकांनी आपल्या १९७२ सालच्या एमजीबी रोडस्टर या जुन्या, उघड्या छताच्या ब्रिटिश मोटारीविषयी विचारले आहे. रेडिएटरच्या खालच्या टाकीच्या सांध्यातून गळती लागली असून, गेला संपूर्ण उन्हाळा ते दर रविवारी नळाचे साधे पाणी ओतून वेळ भागवत आले आहेत. गॅरेजवाल्याने जुन्याच रेडिएटरला नवा कोअर (पाणी थंड करणारा मधला जाळीचा भाग) बसवण्याचे २६५ पाऊंड आणि नव्या ॲल्युमिनियमच्या रेडिएटरचे २९५ पाऊंड सांगितले आहेत. होज पाईप, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) आणि मजुरी धरून पहिल्या पर्यायाचा एकूण खर्च ६५० पाऊंड होतो. घरखर्च महिन्याला २,९०० पाऊंड, आकस्मिक निधी ७,२०० पाऊंड आणि महिनाअखेर उरणारी रक्कम सुमारे १३० पाऊंड. पैसे निधीतून काढावेत, २४.९ टक्के व्याजाच्या क्रेडिट कार्डावर टाकावेत, की पत्नी सुचवतात त्याप्रमाणे गाडीच विकून टाकावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात गाडीचा उल्लेख तीन वेळा ‘गुंतवणूक’ असा आला आहे, म्हणून आधी तेवढा हिशेब स्पष्ट करतो. हेच ६५० पाऊंड वर्षाला ५ टक्के परताव्याने दहा वर्षे राहिले, तर त्यांचे सुमारे १,०५९ पाऊंड होतील. नवा कोअर बसवल्यामुळे गाडीची किंमत तेवढी वाढेल, असे मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. ब्रिटनमध्ये खासगी मोटारीच्या विक्रीवरील नफा भांडवली नफा करातून मुक्त आहे हे खरे, पण त्याच नियमामुळे तोटा झाल्यास तो इतर नफ्यातून वजाही करता येत नाही. तेव्हा ही गाडी तुमच्या आवडीची वस्तू आहे असे धरूनच तिचा खर्च तपासावा, आणि आवडीवर खर्च करण्यात काहीही गैर नाही.

तरीही ही दुरुस्ती मी ऐच्छिक मानत नाही. शीतन यंत्रणेतील पाणी दाबाखाली असते आणि दर चौरस इंचाला एक पाऊंड (वजनाचा) दाब वाढला की उकळबिंदू साधारण दीड अंशाने वर जातो. गळतीमुळे तो दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळते, आणि रहदारीत अडकलेल्या गाडीचे हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे झाकण, म्हणजे हेड, यांमधील सील) एकदा गेले की बिल रेडिएटरपाशी थांबत नाही. हेड उतरवणे, ते वाकले असल्यास यंत्रावर सपाट करून घेणे, हा सगळा खर्च आजच्या ६५० पाऊंडांच्या वर येतो. झीज आणि यांत्रिक बिघाड मोटार विम्यात सहसा धरले जात नाहीत, त्यामुळे तो भार सर्वस्वी तुमच्यावरच पडेल.

मला याहून अधिक काळजी त्या साध्या पाण्याची वाटते. निम्म्या प्रमाणात अँटिफ्रीझ (पाणी गोठू न देणारे द्रव्य) असलेले कूलंट उणे ३६ अंशांपर्यंत गोठत नाही, पाव प्रमाणात ते जेमतेम उणे १२ अंशांपर्यंत टिकते, आणि उन्हाळाभर पाणी ओतल्यावर तुमच्या इंजिनात आज पाव भाग तरी उरला आहे का, हे कोणालाच सांगता येणार नाही. एका कडाक्याच्या रात्री बिडाचा ब्लॉक तडकला, तर गाडी ठेवावी की विकावी हा प्रश्नच उरणार नाही.

म्हणून या आठवड्यातच निम्मे अँटिफ्रीझ असलेले ताजे मिश्रण भरा, हीटरची झडप उघडी ठेवून इंजिन गरम होईपर्यंत चालवा, आणि मग सगळे काढून टाका. या गाडीच्या हीटरमधील पाणी पूर्ण निथळत नाही, म्हणून आत राहील ते न गोठणारेच असावे, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे. त्यानंतर गाडी मार्चपर्यंत उभी ठेवा. नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यांत दरमहा १३० पाऊंड बाजूला काढले की बरोबर ६५० जमतात, आणि आकस्मिक निधीला हात लावावा लागत नाही. तो निधी आजच जेमतेम अडीच महिन्यांचा आहे. किमान तीन महिन्यांची तरतूद हवी, अशा स्थितीत तो मोटारीसाठी आणखी खाली आणण्याला माझी संमती नाही.

क्रेडिट कार्डावर ही रक्कम वर्षभर राहिली, तर १६० पाऊंडांहून अधिक व्याज जाईल. मात्र पैसे जमल्यावर बिल कार्डाने भरून त्याच महिन्यात पूर्ण फेडावे, असे मी आवर्जून सुचवेन. १९७४च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम ७५नुसार, १०० पाऊंडांहून अधिक आणि ३०,००० पाऊंडांपर्यंतच्या खरेदीत काम सदोष निघाल्यास कार्ड कंपनीही विक्रेत्याइतकीच जबाबदार असते.

दोन पर्यायांत मी नव्या कोअरच्या बाजूचा आहे. ॲल्युमिनियमचा रेडिएटर हलका असतो, पण तो मूळ रचनेतील बदल ठरत असल्याने विमा कंपनीला कळवावा लागेल, आणि मूळ टाक्या जपलेली गाडी पुढे घेणाऱ्यालाही अधिक भावते. पंप बदलण्यासाठी रेडिएटर उतरवावाच लागतो, म्हणून ४० पाऊंडांचा पंप आताच बदलला तर पुढची मजुरी वाचते. मात्र तांबे-पितळेच्या आणि डाख दिलेल्या रेडिएटरसाठी जुन्या गाड्यांचे निळे कूलंटच मागून घ्या आणि ते दर दोन वर्षांनी बदला, कारण त्यातील गंजरोधक द्रव्ये संपली की सांधे पुन्हा खाल्ले जातात. गळती बुजवणारी बाटली ओतू नका. तिचा गाळ हीटरच्या बारीक नळ्यांत बसतो.

तुमच्या पत्नींचे म्हणणे मी हलके मानत नाही. पण विकायचेच ठरले, तरी गळका रेडिएटर पाहून गिऱ्हाईक ६५० पाऊंडांहून अधिकच किंमत पाडेल. चाळीस वर्षांवरील गाडी म्हणून तुम्हाला रस्ता कर आणि वार्षिक एमओटी (गाडी रस्त्यावर चालवण्यास सुरक्षित आहे का याची तपासणी) या दोन्हींतून सूट आहे, परंतु एमओटी नाही म्हणजे दोष दाखवणारे वर्षातून एकदाचे डोळेही नाहीत. मार्चमध्ये काम झाल्यावर कमाल ५४.८५ पाऊंड शुल्क देऊन ती तपासणी स्वेच्छेने करून घ्या. त्यात निघणाऱ्या दोषांची यादी घेऊन दोघांनी एकत्र बसा, आणि पुढच्या वर्षाचा खर्च दरमहा ५० पाऊंडांत बसत नसेल तर विक्रीचा विचार तेव्हा, दुरुस्त गाडीच्या भावाने करा.