१.२ लिटर पेट्रोल स्विफ्टला कस्टम एक्झॉस्ट करायचाय, पाइप कोणता आणि किती इंची घ्यावा?
अडीच इंची अजिबात नको. टर्बो नसलेल्या १.२ लिटर इंजिनाला पावणेदोन, फार तर दोन इंच पुरे. पाइप उगाच रुंद केला की धुराचा वेग मंदावतो आणि कमी आरपीएमला गाडी ओढत नाही. घाटात हे लगेच कळतं. वाकवताना पाइप चेपला तर साइजचा उपयोगच नाही, म्हणून मॅन्ड्रेल बेंडिंगच (पाइपात आधाराचा दांडा घालून वाकवणं) करून घ्या.

कोकणात, समुद्राजवळ राहत असाल तर ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील, दीड मिमी जाडीचं. त्यात गंज रोखणारं क्रोमियम साधारण १८ टक्के असतं. ४०९ या दुसऱ्या ग्रेडमध्ये ११ च्या आसपास. त्यावर वरून तांबूस गंज धरतो, पण ते टिकतं आणि स्वस्त पडतं. ३०४ तापल्यावर जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे इंजिनाजवळ फ्लेक्स जॉइंट (पाइपातला लवचिक तुकडा) हवाच.

धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मात्र कृपया हात लावू देऊ नका.