वाचक विचारतात: फोर-केच्या हलक्या प्रती लवकर कशा होतील?

प्रश्न: शिगमोत्सवाच्या मिरवणुकांचं चित्रीकरण फोर-के, एच.265 (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), 10 बिट 4:2:2 (जास्त रंगमाहिती ठेवणारा प्रकार) मध्ये असतं. संपादनासाठी प्रॉक्सी, म्हणजे हलक्या प्रती, करायला अख्खी रात्र जाते. संगणक अकराव्या पिढीचा आय-5, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स 1650. 15 हजारांत काय बदलू? (एक वाचक, फोंडा)

उत्तर: आधी पाकीट खिशातच ठेवा. 1650 ला एच.265 मधलं 4:2:2 उलगडता (डीकोड करता) येत नाही, म्हणून सगळा भार प्रोसेसरवर येतो. तुमच्या इंटेलमधल्या अंगच्या ग्राफिक्सला मात्र ते जमतं. वेगळं कार्ड बसवलं की अनेक मदरबोर्ड ते बंद ठेवतात. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन ते चालू करा, इंटेलचा ड्रायव्हर घाला आणि एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्रॅममध्ये डीकोडिंगसाठी 'क्यूएसव्ही' (इंटेलच्या ग्राफिक्सकडून काम करून घेणारा पर्याय) निवडा. प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर ही वाट बंद. त्यात ग्राफिक्सच नसतं.

प्रॉक्सी 1080 मध्ये करा, डीएनएक्सएचआर एलबी या संपादनाला हलक्या पडणाऱ्या प्रकारात. सेकंदाला 25 फ्रेम असतील तर तासाभराच्या चित्रीकरणाला साधारण 16 जीबी. फाइलचं नाव आणि टाइमकोड (प्रत्येक फ्रेमची वेळ-नोंद) मूळचेच ठेवा, नाहीतर प्रॉक्सी मूळ फाइलला जोडताना डोकेदुखी.

टास्क मॅनेजरमध्ये डिस्क 100 टक्के आणि प्रोसेसर निवांत दिसला, तरच एसएसडी घ्या. उरलेल्या पैशांत यूपीएस: मध्येच वीज गेली तर अर्धवट एमओव्ही (प्रॉक्सीची व्हिडिओ फाइल) सहसा उघडतच नाही, कारण तिची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते.