घरगुती मिलिंग स्पिंडलसाठी (कटर फिरवणाऱ्या दांड्यासाठी) साधी एक अश्वशक्तीची मोटर पुलीने २४,००० फेऱ्यांपर्यंत न्यावी का?

नाही, अ‍ॅल्युमिनियम आणि अ‍ॅक्रिलिकवर ३ मिलिमीटरचे कटर चालवायचे असतील, तर ०.८ ते १.५ किलोवॅटचा, दोन पोलचा (दोन चुंबकीय ध्रुवांचा), पाण्याने थंड होणारा तयार स्पिंडल व्हीएफडीसह, म्हणजे विजेची वारंवारता बदलून मोटरचा वेग ठरवणाऱ्या उपकरणासह, घ्यावा. साध्या दोन पोलच्या मोटरचा वेग ५० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला सुमारे २,८०० फेऱ्या असतो; तो २४,००० पर्यंत न्यायचा तर पुलींचे प्रमाण साडेआठपट ठेवावे लागते, लहान पुलीवर पट्ट्याची पकड अपुरी पडते आणि पट्ट्याचा सगळा ताण, शिवाय थरथर, थेट बेअरिंगवर येते. व्हीएफडी मात्र ४०० हर्ट्झ देऊन तोच वेग पट्ट्याशिवाय मिळवतो, आणि घरातल्या २३० व्होल्टच्या सिंगल फेजवर चालणारे व्हीएफडी सहज मिळतात. पहिल्यांदा चालू करण्यापूर्वी त्यात मूळ वारंवारता ४०० हर्ट्झ भरली आहे ना, हे अवश्य पाहावे. ती ५० राहिली, तर कमी वेगालाच पूर्ण व्होल्टेज मिळून वाइंडिंग जळते. लाकूडकामाच्या राउटरची कार्बन ब्रशवाली मोटर स्वस्त पडते, पण तिचा आवाज शेजाऱ्यांना सोसवणार नाही. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, म्हणून पाण्याची टाकी मोठी आणि सावलीत असावी. मात्र पोलाद कापायचे असेल, तर हा स्पिंडल निरुपयोगी आहे: १.५ किलोवॅटचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) जेमतेम ०.६ न्यूटन-मीटर असतो आणि वेग कमी केल्याने तो वाढत नाही.